आयएलआर अडकलंय, वडील आजारी आहेत: गृहखात्याच्या कोणत्या टेबलाची काळजी करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही पाच वर्षं स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडमध्ये आहात. तुम्ही आणि पत्नीने आयएलआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, एकत्र अर्ज केला, त्याला सात महिने झाले. मध्ये एक ईमेल आला की अर्ज गुंतागुंतीचा आहे, नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या भांडणात पोलीस तुमच्याही दारात आले होते आणि साक्षीदार म्हणून तुमचा जबाब घेऊन गेले होते. आता मित्र सांगतोय की पोलीस, इमिग्रेशन आणि एमआय-५ ही देशांतर्गत गुप्तचर संस्था, हे सगळं एकाच गृहखात्याचं, तेव्हा तुमची फाईल सुरक्षा तपासणीत अडकली असणार. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की सांगलीला वडिलांची तब्येत नाजूक आहे, पासपोर्ट हातातच आहे, तर आठवडाभर जाऊन येऊ का.

मी चौदा वर्षं इथे इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा शेवटचा आहे. एमआय-५ची भीती तुमची झोप घालवते आहे, पण नुकसान होईल ते विमानाच्या तिकिटामुळे. म्हणून आधी तिकिटाचं बोलू.

पूर्वी अर्जासोबत मूळ पासपोर्ट पाठवावा लागायचा, त्यामुळे निर्णय येईपर्यंत प्रवास करणं शक्यच नव्हतं. आता बायोमेट्रिक्सच्या, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याच्या, वेळी पासपोर्ट स्कॅन करून परत देतात. पासपोर्ट हातात आहे म्हणजे प्रवासाची मोकळीक आहे, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण नियम तोच राहिला. देशातून केलेला अर्ज प्रलंबित असताना तुम्ही कॉमन ट्रॅव्हल एरियाच्या, म्हणजे युनायटेड किंग्डम, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटांच्या बाहेर गेलात, की तो अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. विमानतळावर कुणी अडवत नाही, कुणी सूचनाही देत नाही. आजीच्या अंत्यविधीला गेलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. परत येण्यासाठी त्याला पुन्हा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी पाठीशी उभी राहणारी कंपनी, पुन्हा व्हिसा असं सगळं पहिल्यापासून करावं लागलं. चार महिने तो तिकडे अडकला होता. जाण्याआधी एक फोन केला असता तर त्याच्यासमोर काय काय पर्याय आहेत ते तरी मी सांगू शकले असते.

आता तुमच्या बाबतीत काय होईल हे एका तारखेवर ठरतं आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. तुमचा सध्याचा स्किल्ड वर्कर व्हिसा नेमका कधी संपतो, की संपून गेला? तुमच्या ईव्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन व्हिसाच्या, खात्यात ती तारीख दिसेल.

व्हिसाची मुदत संपायच्या आत अर्ज केला असेल आणि मग मुदत संपली असेल, तर तुम्ही १९७१च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३-सीखाली इथे आहात. निर्णय होईपर्यंत तुमचा जुना दर्जा जुन्याच अटींवर आपोआप चालू राहतो. नोकरी चालू ठेवता येते, घरभाडं, दवाखाना, कशालाच अडचण नाही. पण हे संरक्षण तुम्ही इथे असेपर्यंतच. बाहेर पाऊल टाकलं की अर्जही जातो आणि दर्जाही. या स्थितीत असाल तर जाऊ नका, किंवा काय गमावणार आहोत हे पूर्ण कळून जा.

मधे नोकरी बदललेली असेल तर बऱ्याचदा नव्या मुदतीचा व्हिसा मिळालेला असतो आणि त्याचे काही महिने, कधी वर्षंही शिल्लक असतात. तसं असेल तर चित्र खूप वेगळं आहे. तेव्हाही आयएलआरचा अर्ज जाईल, भरलेली फी परत मिळणार नाही, पण तुम्ही त्याच व्हिसावर परत येऊ शकता आणि नव्याने अर्ज करू शकता. एप्रिल २०२५मध्येच ही फी माणशी ३,०२९ पौंड झाली होती, त्यामुळे नुकसान लहान नाही. शिवाय पत्नीचा अर्ज तुमच्या अर्जावर टेकलेला आहे. तुम्हाला आधी किंवा तिच्याबरोबरच आयएलआर मिळालं तरच तिला मिळतं. तुमचा अर्ज गेला की तिने कुठेही प्रवास केला नाही तरी तिच्या अर्जाचा आधार निघतो. लाइफ इन द यूकेची, म्हणजे आयएलआरसाठी लागणारी इथल्या जीवनाविषयीची, परीक्षा मात्र पुन्हा द्यावी लागत नाही, ती एकदा उत्तीर्ण झालात की झालात.

मला पैशांपेक्षा जास्त धास्ती वाटते ती नियमांची. मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत सरकारने आयएलआरसाठीची साधारण मुदत पाच वर्षांवरून दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. अर्ज मागे घेऊन पुन्हा करणं म्हणजे पुन्हा अर्ज करण्याच्या दिवशी जो नियम असेल त्याखाली जाणं. म्हणून व्हिसाची मुदत भरपूर शिल्लक असली तरी तिकीट काढण्याआधी त्या आठवड्याचा नियम एखाद्या नोंदणीकृत सल्लागाराकडून तपासून घ्या. मागच्या वर्षी कुणाचं काय झालं यावर जाऊ नका.

हे सगळं लिहूनही मी तुम्हाला ‘जाऊ नका’ असं सरसकट सांगणार नाही. वडील शेवटच्या घटका मोजत असतील आणि तुम्ही इथे एका ईमेलची वाट बघत बसलात, तर ते ओझं कुठल्याही फीपेक्षा मोठं असतं. ते वाहणारी माणसं मी पाहिली आहेत. निर्णय तुमचाच, फक्त तो डोळे उघडे ठेवून व्हावा.

आता भीतीकडे वळते. मित्राचं म्हणणं कागदावर खरं आहे. इथलं गृहखातं, म्हणजे होम ऑफिस, १७८२चं. तेव्हापासून देशांतर्गत ज्या ज्या गोष्टीला वेगळं घर नव्हतं ती याच खात्यात येऊन पडत गेली. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल १८२९ साली रॉबर्ट पील यांनी उभं केलं तेव्हा ते गृहमंत्रीच होते. तुरुंग आणि फौजदारी न्यायाचा बराचसा भाग २००७मध्ये बाहेर काढून न्याय मंत्रालयाला दिला गेला. इमिग्रेशनसाठी २००८मध्ये वेगळी एजन्सी केली, २०१३मध्ये ती मोडून काम परत खात्यात आणलं. आज व्हिसा आणि नागरिकत्व एकीकडे, विमानतळावरची बॉर्डर फोर्स दुसरीकडे, बेकायदा राहणाऱ्यांवर कारवाई करणारा विभाग तिसरीकडे, पासपोर्ट कार्यालय चौथीकडे. एकाच दाराच्या पाटीखाली बसलेली ही वेगवेगळी टेबलं आहेत, आणि चौदा वर्षांत मला त्रास झाला तो बहुतेक वेळा एका टेबलाला दुसऱ्या टेबलावरचं माहीत नसल्याचा.

पोलिसांचं तर आणखी वेगळं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३ प्रादेशिक पोलीस दलं आहेत. गृहमंत्री त्यांच्या निधीचा आणि धोरणाचा विचार करतात, पण कुणाला पकडा, कुणाची चौकशी करा असा आदेश देऊ शकत नाहीत. पोलिसांची ही कामापुरती स्वायत्तता इथे फार जपली जाते. आपल्याकडे गृहमंत्र्यांच्या बंगल्यावरून पोलीस ठाण्यात फोन गेल्याच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो, म्हणून हे पटायला वेळ लागतो. तुमच्या अर्जाच्या वेळी केसवर्कर, म्हणजे फाईल तपासणारा अधिकारी, पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावरची नोंद तपासतो, हे खरं आहे. तिथे शिक्षा, पोलिसांचा अधिकृत इशारा, अटक अशा गोष्टी असतात. शेजाऱ्याच्या भांडणात तुम्ही जे पाहिलं ते सांगितलं, ती साक्ष झाली. ती त्या दलाच्या तपासाच्या कागदांत राहते. तिने तुमच्या नावावर गुन्हा लागत नाही.

तरीही मनातून जात नसेल तर नुसतं झुरत बसू नका. राष्ट्रीय संगणकावर तुमच्या नावाने काय आहे हे एक्रो या कार्यालयाकडे माहितीचा अर्ज करून विनामूल्य कळतं. ‘नोंद नाही’ असं पत्र हातात आलं की माणसाचा चेहरा बदलतो, हे मी पाहिलं आहे.

अर्जात चारित्र्याविषयीचे प्रश्न असतात त्यांची उत्तरं तुम्ही काय दिलीत ते एकदा काढून बघा. शिक्षा, वाहनाचा दंड, प्रलंबित खटला, दिवाणी निकाल असं सगळं त्यात विचारतात. वेगमर्यादेचा शंभर पौंडांचा दंड वेळेत भरलेला असेल तर त्यावरून आयएलआर नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. पण विचारलेलं असताना लपवलं असेल तर प्रश्न दंडाचा उरत नाही, खरेपणाचा होतो, आणि तो फार जड पडतो. काही राहून गेलं असेल तर त्यांनी विचारण्याआधी आपणहून कळवा.

एमआय-५ १९८९च्या कायद्याने गृहमंत्र्यांच्या अधिकाराखाली आहे. परदेशातली हेरगिरी करणारी एमआय-६ आणि संदेश टिपणारी जीसीएचक्यू या संस्था परराष्ट्रमंत्र्यांकडे. कुणाचं संभाषण ऐकायचं तर २०१६च्या कायद्यानुसार गृहमंत्र्यांची सही लागते आणि शिवाय न्यायिक आयुक्ताची मान्यता. हे सांगायचं कारण एवढंच की ते यंत्र कुणा सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या आयएलआरवर सात महिने बसून राहावं म्हणून बनलेलं नाही. सुरक्षेच्या याद्यांशी पडताळणी प्रत्येक अर्जाची होते, तुमची, माझी, सगळ्यांची. ज्यांच्यावर खरोखर राष्ट्रीय सुरक्षेचा ठपका असतो त्यांच्या अपिलांसाठी १९९७च्या कायद्याने वेगळं न्यायाधिकरण आहे. ‘गुंतागुंतीचा आहे, वेळ लागेल’ हा ईमेल माझ्या कित्येक अशिलांना आला आहे, आणि पुढे त्यातून सुरक्षेचं काही निघाल्याचं मला एकही उदाहरण आठवत नाही.

मग काय निघालं? इथे एक जुना प्रसंग सांगायला हवा, कारण तो आपल्यासारख्याच नोकरदारांवर आला होता. इमिग्रेशन नियमांत ३२२(५) नावाचा परिच्छेद होता. वर्तन, चारित्र्य, संगत किंवा राष्ट्रीय सुरक्षेला धोका यांमुळे माणसाला देशात राहू देणं अनिष्ट असेल तर त्याला नकार देण्यासाठी. भाषा गुन्हेगार आणि दहशतवाद्यांना शोभेल अशी. आणि तो वापरला गेला उच्चकुशल म्हणून बोलावलेल्या लोकांवर, ज्यांचं कर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि व्हिसाच्या अर्जातलं उत्पन्न जुळत नव्हतं. अशा नकारात भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबं खूप होती. पत्रात ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द वाचून लोकांच्या पायाखालची जमीन सरकली. एप्रिल २०१९मध्ये अपील न्यायालयाने बालाजीगरी खटल्यात सांगितलं की आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून अप्रामाणिकपणा ठरवता येत नाही. आधी संशय काय आहे ते अर्जदाराला कळवा, त्याला खुलासा करू द्या, मग ठरवा. त्या निकालाचा मी आजही आधार घेते.

पत्रावर शब्द सुरक्षेचे होते, तरी मूळ दुखणं आकड्यांच्या विसंगतीचं होतं. उशीर झालेल्या बहुतेक फायलींत मला आजही तेच सापडतं. स्पॉन्सरने सांगितलेला पगार आणि कर खात्याकडे गेलेला पगार यांत फरक. बिनपगारी रजा किंवा मातृत्व रजेचे महिने, ज्यांचा खुलासा कुणी केला नाही. सलग बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्याची शंका. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत खास करून नाव. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, पगारपत्रावर फक्त स्वतःचं. लग्नानंतर एका ठिकाणी सासरचं आडनाव, दुसरीकडे माहेरचं. आई-वडिलांच्या कागदांत तर शाळेच्या दाखल्यावर एक जून आणि बाकी सगळीकडे वेगळी जन्मतारीख. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही. केसवर्करला मात्र दोन माणसं दिसतात.

आणखी एक शक्यता, जी लोकांच्या लक्षातच येत नाही: तुमच्या कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसं नेमण्याचा परवाना, तपासणीखाली असेल तर तुमचा अर्ज तुमच्या कसल्याही चुकीशिवाय थांबतो. लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सरकार उघडपणे प्रसिद्ध करतं. तुमच्या कंपनीचं नाव त्यात आहे ना, हे आजच बघा.

फाईल कुठे अडकली हे अंदाजाने शोधण्यापेक्षा ती मागवा. तुमच्याविषयी ठेवलेली माहिती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मागताना केसवर्करच्या टिपणांचा स्पष्ट उल्लेख करा, नाहीतर फक्त तुम्हीच पाठवलेले कागद परत येतात. ‘पगाराची पडताळणी बाकी’, ‘स्पॉन्सरकडे विचारणा’ अशी एखादी ओळ त्या टिपणांत सापडते आणि मग नेमकं त्याच मुद्द्यावर पत्र लिहिता येतं.

त्याच दिवशी तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कार्यालयालाही लिहा. खासदार निर्णय बदलू शकत नाही, पण त्यांच्या चौकशीला खात्यात वेगळी वाट आहे आणि उत्तर येतंच. तुम्ही मतदार असलात-नसलात तरी तिथे राहता एवढं पुरतं, आणि भारतीय नागरिक म्हणून तुम्हाला इथे मतदानाचा हक्कही आहे. पत्र एका पानाचं ठेवा: अर्जाचा क्रमांक, तारीख, ईमेलची प्रत आणि वडिलांची स्थिती.

यातूनही हललं नाही तर न्यायालयात जाण्यापूर्वीची नोटीस वकिलामार्फत पाठवता येते, तिला उत्तर द्यायला त्यांना साधारण १४ दिवस असतात. सहा महिन्यांची नेहमीची मुदत नुकतीच उलटलेली असताना मी ती पहिलं पाऊल म्हणून पाठवणार नाही. उशीर गैरवाजवी आहे हे न्यायालयाला पटवायला आधी केलेला पत्रव्यवहार लागतो.

तुमच्या कंपनीच्या एचआरने ‘ईव्हिसावर मुदत संपलेली दिसते’ म्हणून घाबरवलं असेल, तर त्यांना गृहखात्याच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारायला सांगा. तिथून येणारं होकारार्थी पत्र सहा महिने चालतं. कलम ३-सीखाली असलेल्या माणसाला कामावरून काढण्याचं कारण नाही.

हे मात्र लक्षात ठेवा. प्रश्न विचारणारं आणि उत्तराची तारीख दिलेलं पत्र आलं, मुलाखतीला बोलावलं, किंवा ‘आम्ही नकार देण्याच्या विचारात आहोत’ असं काही आलं, तर माझ्यासारखीचं असं उत्तर वाचून स्वतः उत्तर लिहू नका. त्या दिवशीच नोंदणीकृत सल्लागार किंवा सॉलिसिटर गाठा. नोंदणी नसताना असा सल्ला देणं हा १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

पोलिसांविषयी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. घरफोडी झाली तरी ‘व्हिसावर परिणाम होईल’ म्हणून तक्रार न केलेलं कुटुंब मी पाहिलंय. घरात मार खाणारी बाईही याच भीतीने गप्प राहिलेली पाहिलीय. ज्यांच्याकडे व्हिसाच नाही त्यांच्या बाबतीत पोलिसांनी माहिती इमिग्रेशनला दिल्याचं घडतं. लिबर्टी आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थांनी २०१८मध्ये त्यावर तक्रार केली होती. पण तुम्ही कायदेशीर आहात. तुम्ही साक्ष दिलीत हे योग्य केलंत, पुन्हा वेळ आली तर पुन्हा द्या.

आता वडिलांसाठी. निर्णय लवकर व्हावा अशी विनंती करुणेच्या आधारावर करता येते. मान्य होईलच असं नाही, पण कागद भक्कम असेल तर माझ्या काही अशिलांना उपयोग झाला आहे. सांगलीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव, कधी दाखल केलं, आजची स्थिती, किती दिवसांचा प्रश्न आहे हे त्यांच्या शब्दांत हवं, खाली नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख. ‘प्रकृती गंभीर, मुलाने यावं’ एवढ्या एका ओळीला इथे वजन पडत नाही. पत्र मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. तुमचं वडिलांशी नातं दाखवणारा जन्मदाखला जोडा, आणि त्यातलं वडिलांचं नाव डॉक्टरांच्या पत्रातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाठवण्याआधी बघा. आणि व्हिसा संपण्याची ती तारीख इथे खाली लिहा, म्हणजे जाण्याबद्दल मला तुम्हाला नेमकं काही सांगता येईल.